गुलामांच्या परसातला पाला



आज आपण जी भाजी चुलीवर ठेवणार आहोत ती परदेशातली आहे. पण तिची कहाणी ऐकलीत तर ती परकी वाटणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना अशी राज्ये आहेत. तिथल्या काळ्या लोकांच्या घरी रविवारी पाहुणे जेवायला आले की एक मोठे पातेले हमखास चढते. त्यात जाडजूड हिरवा पाला मंद आचेवर तासभर, कधी दोन तासही शिजत असतो. या पाल्याला तिथे कॉलर्ड म्हणतात, आणि ज्या स्वयंपाकात तो मानाने बसतो त्याला 'सोल फूड' म्हणतात. सोल म्हणजे अंतःकरण. हे नाव १९६० च्या दशकात, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात रूढ झाले. पदार्थ मात्र त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे आहेत.

कॉलर्ड म्हणजे गड्डा न धरणारी कोबी, असे समजा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि कॉलर्ड ही सगळी एकाच वनस्पतीची लेकरे आहेत. कोणी गड्डा धरला, कोणी फूल धरले, कोणाची गाठ फुगली. कॉलर्डने नुसती पाने वाढवली. पान हाताच्या पंजापेक्षा मोठे, गडद हिरवे आणि चामड्यासारखे चिवट. खालची पाने खुडत राहावे, वरून नवी फुटत राहतात. एक रोप महिनोन् महिने घराला पुरते. उन्हाळा सोसते, थंडीही सोसते, आणि दहिवर पडून गेले की पान गोडसर लागते. आपल्या देशात काश्मीरमध्ये 'हाक' नावाची जी भाजी रोजच्या जेवणात असते, ती याच जातकुळीची आहे.

आता हा पाला गुलामांच्या ताटात कसा आला ते पाहू.

आफ्रिकेतून माणसे पकडून, साखळदंडांनी बांधून अमेरिकेत आणली आणि विकली गेली, हे आपण वाचलेले आहे. त्यांची गुलामी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तेव्हा या लोकांशी आपले नाते कालपरवाचे नाही.

मळ्यावरच्या गुलामाला मालक शिधा देत असे. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून निसटलेले थोर पुढारी. त्यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात मेरीलँडमधल्या मळ्यावरच्या शिध्याची नोंद आहे. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन किलो, डुकराचे मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत राबणाऱ्या देहाला एवढेच. त्यात ना पाला, ना फळ, ना दूध.

पण बऱ्याच मळ्यांवर झोपड्यांच्या मागे जमिनीचा एखादा तुकडा गुलामांना वापरू देत. मालकाला त्यात शिध्याचा खर्च वाचताना दिसत असे. दिवसभर मालकाच्या शेतात राबून आल्यावर रात्री चांदण्यात किंवा रविवारच्या सुट्टीत बायामाणसे तिथे कुदळ मारीत. त्या तुकड्यात कॉलर्ड लावला जाई. तो आफ्रिकेचा नव्हे, युरोपातून आलेला. पण हिरवा पाला पुष्कळ पाण्यात शिजवून, त्याच्या रश्शात पिठाचा गोळा किंवा भाकरी बुडवून खाण्याची रीत मात्र पश्चिम आफ्रिकेच्या आयाबायांची होती. बी परके, जमीन मालकाची, पण रीत आणि हात आपले. चवळी आणि भेंडी तर आफ्रिकेतलीच. आज ती आपल्याही घरात रोजची झाली आहेत.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. ताटातले पीठ मालकाच्या कोठारातून आले, मांस मालकाच्या धुराड्यातून आले. पाला तेवढा स्वतःच्या हातचा होता. मालकाने मापून दिलेल्या ताटात न मापलेली ती एकच वस्तू होती. म्हणून या भाजीला नुसती गरिबाची भाजी म्हणणे अपुरे आहे. बलुत्याच्या भाकरीवर जगलेल्या आणि ती भाकरी नाकारण्यासाठी झगडलेल्या आपल्या समाजाला हा फरक समजावून सांगायला नको.

मांसाचेही असेच. डुकराचा चांगला भाग मालकाच्या टेबलावर जाई. गुलामांकडे येत ते पायाचे सांधे, मान, कान, चरबी. हे टिकावे म्हणून मीठ लावून धुरावर वाळवलेले असे. आपल्या जुन्या माणसांना चान्या सांगाव्या लागत नाहीत. उन्हात वाळवून दोरीवर टांगलेले मांस अडीअडचणीला घर कसे तारते ते त्यांना ठाऊक आहे. धुरावलेला एक सांधा पातेलेभर पाल्याला पुरे होई. मांस खाण्यासाठी नव्हे, चव लावण्यासाठी वापरायचे, ही त्या बायांची हिकमत. थोड्या मांसात मोठे घर जेवे.

आणि पातेल्यातले पाणी? त्यातच खरी गंमत आहे. पाला शिजून उरलेल्या त्या हिरव्या-काळपट रश्शाला 'पॉट लिकर' म्हणतात. नावावरून दचकू नका, त्यात दारूचा थेंबही नसतो. पातेल्यातला अर्क, एवढाच त्याचा अर्थ. असे सांगतात की मालकीण पाला वाढून घेई आणि पाणी स्वयंपाकिणीसाठी सोडून देई. बिचारीला माहीत नव्हते की पाल्यातले पाण्यात विरघळणारे सत्त्व, क जीवनसत्त्व, फोलेट, पोटॅशियम, यांचा मोठा वाटा त्या पाण्यातच उतरलेला असतो. त्या पाण्यात मक्याची भाकरी कुस्करून आया लेकरांना भरवीत. पुढे या रश्शाला एवढी प्रतिष्ठा आली की १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या एका वर्तमानपत्राचे संपादक यांच्यात जाहीर वाद रंगला. विषय काय, तर मक्याचा पाव या रश्शात बुडवून खावा की कुस्करून! ज्यांच्या चुलीवर तो रस्सा जन्मला त्यांना मात्र त्या काळी दक्षिणेत मत देण्याचीही सोय नव्हती.

आता कृतीकडे वळू. आधी तिथली रीत सांगते, मग आपल्या बाजारातल्या वस्तूंनी कशी करायची ते सांगते.

साहित्य (सहा माणसांसाठी): कॉलर्डचा पाला १ किलो, धुरावलेले मांस सुमारे अर्धा किलो (पूर्वी डुकराचा सांधा वापरीत, आता बरेच जण टर्कीचा पंख किंवा मान वापरतात), कांदे २, लसूण ६ पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या २, पाणी २ लिटर, व्हिनेगर २ मोठे चमचे, साखर १ लहान चमचा, मिरेपूड, चवीपुरते मीठ.

कृती: प्रथम पातेल्यात पाणी, मांस, चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण आणि मिरच्या घालून मंद आचेवर तास-दीड तास शिजू द्या. मांस हाडापासून सुटू लागले पाहिजे. धुराचा आणि हाडाचा गुण पाण्यात उतरण्यासाठी एवढा वेळ द्यावाच लागतो. पाण्याला चव नसेल तर पाल्यालाही येणार नाही.

तोवर पाला निवडा. कॉलर्डच्या पानात माती आणि वाळू अडकून बसते. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन पाने बुडवा, हलवा, वर काढा. पाणी टाका, पुन्हा भरा. तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत, निदान तीन वेळा, हे करायचे. घमेले कलते करून पाने गाळू नका, नाहीतर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. मग पान मधोमध दुमडून जाड शीर ओढून काढा. पाच-सहा पाने एकावर एक ठेवून अळूवडीसारखी सुरळी करा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा.

पाला पातेल्यात एकदम मावणार नाही. ओंजळ-ओंजळ घाला, खालचा खाली बसला की वरचा घाला. झाकण ठेवून पाऊण ते एक तास मंद शिजवा. पान मऊ पडावे, पण त्याचा लगदा होऊ नये. मांस बाहेर काढून हाडे टाका, मांसाचे तुकडे करून परत घाला. मीठ अगदी शेवटी, चव पाहून. धुरावलेल्या मांसात आधीच मीठ असते. साखर चिमूटभर, कडवटपणा मोडण्यापुरती. व्हिनेगर उतरवताना घाला. आंबटाने जड चव हलकी होते.

आता आपल्याकडे काय करायचे? महाराष्ट्राच्या बाजारात कॉलर्ड सहसा दिसत नाही. पण त्याची भावंडे आपल्या डोळ्यांसमोर रोज टाकून दिली जातात. भाजीवाला फ्लॉवरचा पाला तोडून टोपलीखाली टाकतो आणि नवलकोलची पाने गाईला घालतो. तो मागून घ्या. कोवळा, न पिवळलेला, कीड नसलेला पाला निवडा. फ्लॉवरच्या पाल्यात कॅल्शियम आणि लोह चांगले असते, आणि आपल्या बायकांना या दोन्हींची गरज किती आहे ते सांगायला नको. फ्लॉवरच्या पिकावर औषधे फवारतात, म्हणून पाने मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, मग वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. या पाल्याला कॉलर्डएवढा वेळ लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत तो मऊ होतो. थोडी मोहरीची किंवा मुळ्याची पाने मिसळली तर चवीला धार येते. दक्षिणेतल्या बायाही कॉलर्डमध्ये मोहरीचा आणि सलगमचा पाला मिसळतात.

मांसाच्या जागी मटणाच्या नळ्या घ्या. कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या काढल्या की रस्सा तयार होतो आणि गॅसही वाचतो. पाला मात्र उघड्या पातेल्यात घाला. धुराची चव हवी तर कांदा आणि लसणाचा गड्डा सालासकट निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर काळा होईपर्यंत भाजा, साल काढून ठेचा आणि रश्शात घाला. शेवटी एक लहान वाटी पाल्यावर ठेवून तीत लाल निखारा, त्यावर तेलाचे दोन थेंब, आणि पाच मिनिटे घट्ट झाकण. या धुंगाराने धूर आत मुरतो. ज्यांच्या घरी मांस चालत नाही त्यांनी नळ्या गाळाव्यात, भाजलेला कांदा-लसूण दुप्पट घ्यावा आणि तेलात परतून पाणी घालावे. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालेल.

सोबत मक्याची भाकरी आणि चवळीची उसळ करा. अमेरिकेच्या दक्षिणेत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हेच ताट असते. चवळी म्हणजे नाणी, हिरवा पाला म्हणजे नोटा आणि मक्याचा पाव म्हणजे सोने, अशी तिथली समजूत आहे. त्याने कोणी श्रीमंत होत नाही, हे आपण आणि तेही जाणतो. पण डाळ किंवा चवळी, पाला आणि मका एकत्र आले की शरीराला हवे ते पुष्कळसे मिळते.

एक-दोन सूचना आरोग्याच्या. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर अशा गडद पाल्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. रक्तदाब असेल तर मीठ हात राखून घाला. आणि पाण्याचे म्हणाल तर कोबीच्या कुळातल्या पाल्याचे पाणी टाकू नका. मात्र ज्या रानभाज्यांचे पाणी ओतून द्यावे असे आपल्या वडीलधाऱ्या बाया सांगतात, तिथे त्यांचेच ऐका. दक्षिणेतही 'पोक' नावाचा रानपाला खातात, पण तो विषारी असल्याने उकळून उकळून त्याचे पाणी फेकावेच लागते.

आता जरा वादाच्या गोष्टीकडे येऊ. हे गुलामीचे अन्न, ते कशाला मिरवायचे, असा प्रश्न खुद्द काळ्या समाजातच उठला. 'नेशन ऑफ इस्लाम'चे नेते एलायजा मुहम्मद यांनी १९६७ साली आहारावर एक पुस्तकच लिहिले. मालकाने लादलेले हे खाणे, विशेषतः डुकराचे मांस, टाकून द्या, असा त्यांचा आग्रह होता. उलट बाजूला कवी लिरॉय जोन्स, जे पुढे अमिरी बराका झाले, यांनी १९६२ साली 'सोल फूड' याच नावाचा लेख लिहिला. काळ्या लोकांना स्वतःची अशी खाद्यसंस्कृती नाही, या म्हणण्याला ते उत्तर होते. एक म्हणतो टाका, दुसरा म्हणतो अभिमान धरा.

आपल्याला हा वाद नवा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळेपाके टाकून देण्याचा उपदेश केला, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो पाळला. उपाशी राहू, पण ते खाणार नाही, असे म्हणणे त्या दिवसांत सोपे नव्हते. पण बाबासाहेबांनी काय टाकायला सांगितले ते नीट पाहा. त्या खाण्याबरोबर जी लाचारी यायची, माणूसपण कमी लेखले जायचे, ते त्यांना नको होते. आपल्या आजीने बांधावरून खुडून आणलेला पाथरी, घोळ, तांदुळजा, चिघळ त्यांनी टाकायला सांगितले नव्हते. तिने पाट्यावर वाटलेले कोरडे वाटणही टाकायला सांगितले नव्हते. आज मात्र आपल्यातली काही शिकलेली कुटुंबे पाहुणे आले की हे पदार्थ झाकून ठेवतात आणि पनीर मागवतात. लादलेले टाकावे हे खरेच. पण आपल्या बायांनी अक्कल लढवून जे घडवले तेही त्याच उकिरड्यावर का फेकायचे?

काळ्या समाजातल्या नव्या पिढीने यातून एक वाट काढली आहे. ब्रायंट टेरी या स्वयंपाक्याने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सोल फूडचे पदार्थ मांसाशिवाय केले. त्यात कॉलर्ड आहे, पण डुकराचा सांधा नाही. संत्र्याचा रस आणि मनुका आहेत. पाला राहिला, शिधा गेला. मला ही वाट पटते.

आणि हा पाला लढ्याच्याही कामी आला आहे. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात बसवर बहिष्कार सुरू झाला. तो ३८१ दिवस चालला. कामावर जाणाऱ्यांसाठी गाड्या, पेट्रोल, पैसा कुठून आणायचा? जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने शेजारच्या बाया गोळा केल्या. घराघरांत तळलेली कोंबडी, पाला, रताळ्याचे गोड पदार्थ रांधायचे, विकायचे आणि पैसे चळवळीला द्यायचे. नोकरी जाऊ नये म्हणून कोणाचे नाव कुठे नोंदवले जात नसे. पैसे कुठून आले असे विचारले तर उत्तर एकच, कुठूनच नाही! मंडळाचे नावच त्यांनी 'कुठूनही न आलेले मंडळ' या अर्थाचे ठेवले होते. पुढे गिलमोरबाईंनी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. तेव्हा किंग यांनीच त्यांना घरी खानावळ काढण्यासाठी मदत केली.

मिसिसिपीची गोष्ट याहून कठोर आहे. १९६२ च्या हिवाळ्यात तिथल्या लेफ्लोर काउंटीत काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवू लागले. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारकडून येणाऱ्या धान्याचे वाटप बंद केले. मत मागता, तर उपाशी राहा! गावकीने बहिष्कार टाकला की सर्वांत आधी दुकानदार मीठ-पीठ द्यायचे थांबवतो, हे आपल्या माणसांनी भोगलेले आहे. तीच रीत सातासमुद्रापलीकडेही.

त्याच साली शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईने मतदार नोंदणीचा अर्ज केला, आणि ज्या मळ्यावर ती अठरा वर्षे राबली तिथून तिला त्याच दिवशी हुसकावून लावले. ही बाई मागे हटली नाही. मतदानाच्या हक्कासाठी तिने मार खाल्ला, तुरुंग भोगला. पण तिला एक गोष्ट पक्की कळली होती. ज्याची चूल दुसऱ्याच्या हातात, त्याचे मतही दुसऱ्याच्या हातात. १९६९ साली तिने 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. सुरुवातीला ४० एकर जमीन, सभासदाची वर्गणी महिन्याला एक डॉलर, आणि जमिनीत पालेभाज्या, शेंगा, भेंडी, रताळी, मका. हेमरबाई सांगत की हिवाळ्यासाठी पाल्याच्या नि सूपच्या शेकडो बरण्या भरून ठेवलेल्या असतील, तर तुम्हाला कोणी ढकलू शकत नाही, अमुक कर तमुक कर म्हणून धमकावू शकत नाही. पैशाच्या टंचाईने ती शेती पुढे चालली नाही, आणि १९७७ साली हेमरबाईही गेल्या. पण त्यांचे म्हणणे खोटे ठरले नाही. झोपडीमागच्या तुकड्यात रात्री कुदळ मारणाऱ्या आईला जे उमगले होते, तेच त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांनी उघड बोलून दाखवले.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. परसात जागा असेल तर परसात, चाळीत किंवा सदनिकेत राहत असाल तर खिडकीतल्या डब्यात, काहीतरी हिरवे लावा. मेथी लावा, मोहरी लावा, मिरचीचे एक रोप लावा. त्याने कोणाचे घर चालणार नाही, पण मुलांना कळेल की ताटातले सगळेच दुकानातून येत नाही. वस्तीतल्या महिला मंडळाला विहाराच्या आवारात दोन वाफे करता आले तर फारच उत्तम.

आणि दुसरे. ॲबी फिशर नावाची बाई गुलामीत जन्मली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत तिचे पाककृतींचे पुस्तक निघाले. तिने सांगितले आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतले. काळ्या स्त्रियांच्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. तिच्यासारख्या हजारो जणींच्या हातची चव मात्र मालकिणींच्या नावाने पुस्तकांत गेली किंवा त्यांच्याबरोबरच मातीत गेली. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली, तोवर मराठी पाकपुस्तकांच्या ढिगात आपले घर जवळजवळ नव्हतेच. एका पुस्तकाने ते काम संपत नाही. विदर्भातल्या वस्तीचे, कोकणातल्या वाडीचे, मुंबईच्या चाळीचे खाणे कोण लिहिणार?

तुमच्या घरी सासू, आई, आजी, मावशी कोणी असेल तर येत्या रविवारी पाल्याचे पातेले चढवा, आणि ते शिजेपर्यंत तासभर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. दुष्काळात काय खाल्ले, बाळंतपणात काय दिले, कोणता पाला कोणत्या महिन्यात खुडायचा, कोणाचे पाणी ओतायचे आणि कोणाचे राखायचे, ते विचारा. त्या म्हणतील, त्यात काय लिहायचे. तरी लिहा. त्या सांगतील तशाच शब्दांत लिहा, आणि वर त्यांचे पूर्ण नाव घाला.